आईंची शेगडी आणि आमचं धुराडं

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका सकाळी पाचगणीहून दूध घालणाऱ्या मुलाचा फोन आला. "आजी दार उघडंनात. आतनं नुसतं हूं हूं करत्यात." आम्ही दोघं पुण्याहून तसेच निघालो, पण पसरणीचा घाट चढून पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी खिडकीतून हात घालून मागच्या दाराची कडी काढली होती. सासूबाई पलंगावर डोकं धरून बसलेल्या. दोनदा उलटी झालेली. पलंगाखाली कोळशाची शेगडी. वर राखेची साय, खाली निखारे अजून धुगधुगत होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दिवसभर ठेवून घेतलं, संध्याकाळी सोडलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "खिडकी लावून घेतली होती का?" लावलीच होती. गार वारा येतो म्हणून तर शेगडी आत घेतलेली. कोळसा नीट फुलला की धूर करत नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण जळताना तो कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, बंद खोलीत हा वायू साचतो, आणि त्याला ना रंग, ना वास. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे असं झाल्याची बातमी पेपरात असते. आमची छापून आली नाही, इतकंच.

घरी आल्यावर मी शेगडी उचलून अंगणात ठेवली. आई म्हणाल्या, "ठेव बाहेर. पण मग मला ऊब कशाची?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला अकरा महिने लागले.

घर म्हणजे सासऱ्यांनी १९७८ साली एका पारशी कुटुंबाकडून घेतलेला बंगल्याचा मागचा भाग. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. आई ऐंशीच्या पुढे, आणि पुण्यात यायला तयार नाहीत. दिवाणखान्याच्या एका भिंतीत इंग्रजी पद्धतीचं धुराडं आहे, म्हणजे होतं. माझं लग्न झालं तेव्हापासून त्याच्या तोंडावर एक फळी ठोकलेली आणि फळीपुढे टीव्ही. त्या फळीला आम्ही सगळे भिंतच समजत होतो.

बैठक बसली. बंगळूरची लेक फोनवर म्हणाली, गरम-गार दोन्ही करणारा एसी घ्या आणि विषय संपवा. दीर वर्षातून दोनदा येतात, त्यांना लाकडं तडतडणारी फायरप्लेस हवी होती, समोर आरामखुर्ची. नवरा म्हणाला विजेचा हीटर. आईंचं म्हणणं, शेगडी बरी आहे, मी खिडकी उघडी ठेवीन. मी आयुष्यभर एका कारखान्याची खाती लिहिली, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा होता. थंडी आहे तरी किती?

तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळाएवढं एक यंत्र मिळतं. ते दिवाणखान्यात टांगलं आणि आईंना सांगितलं, सकाळी सहाला आणि रात्री नऊला आकडे वहीत लिहा. त्यांनी एकही दिवस न चुकवता लिहिले. जानेवारीतल्या पहाटे आत पंधरा-सोळा अंश. मला वाटलं यंत्र बिघडलंय. तेव्हा हवामान खात्याचे आकडे पाहिले आणि कळलं की जानेवारीतल्या किमान तापमानाची सरासरी काढली तर पुणं महाबळेश्वरपेक्षा गार निघतं. रात्री गार झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि सखल जागी साचते. डोंगरमाथा त्या मानाने कोमट राहतो. पेपरात दरवर्षी गोठलेल्या दवाचे आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवरच्या पांढऱ्या थराचे फोटो येतात, ते वेण्णा तलावाकाठचेच का असतात याचंही उत्तर तेच. तो खोलगट भाग आहे. गावात त्या दिवशी लोक साध्या स्वेटरवर फिरत असतात.

म्हणजे आमची थंडी सहा-सात आठवड्यांची, आणि तीही पहाटेची. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या वही पुढे करून म्हणाल्या, "जुलै येऊ दे, मग बोल. जानेवारीत मी स्वेटर घालते. जुलैत काय घालू?"

जुलै आला. आत दिवसरात्र एकोणीस-वीस अंश, आकडा काही वाईट नाही. पण दमटपणा नव्वदच्या खाली उतरेना. गोधडी हाताला ओली लागायची. काडेपेटी ओढली की गुल मेणासारखं पसरायचं. कपाटातल्या चपलांवर हिरवी लव. पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या मानाने बराच कमी, केवळ अठरा-वीस किलोमीटरच्या अंतरात मोठा फरक पडतो. म्हणून तर इंग्रजांनी हे ठिकाण बाराही महिने राहण्यासाठी निवडलं. तरी चार महिने भिंती पाणी पितातच. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा अडवायला आम्ही अजून गवताच्या झड्या बांधतो. आईंचे गुडघे त्या दिवसांत जास्त धरतात, जानेवारीपेक्षा. सात महिने मी थंडीवरचं औषध शोधत होते, आणि रोग ओलीचा होता.

मधल्या काळात आम्ही ती फळी काढून बघितली होती. वाईचे एक वयस्कर गवंडीमामा आले, पहारीने फळी उचकटली. आतून दोन घमेली माती, खारीचं घरटं, मधमाश्यांचं वाळकं पोळं, चार गोट्या आणि अर्धी वीट निघाली. मामांनी टेप लावला. तोंड अडतीस इंच रुंद, तीस इंच उंच. वर जाणारा नळ नऊ इंच बाय नऊ इंच. "तोंड मोठं, घसा बारीक," ते म्हणाले. याला एक ढोबळ नियम आहे: नळाचं क्षेत्रफळ तोंडाच्या निदान दहाव्या भागाइतकं लागतं. आमचं तोंड ११४० चौरस इंच, म्हणजे नळ ११४ हवा, होता ८१. शिवाय आतून देवघराच्या कोनाड्यासारखं खोल. काउंट रम्फर्ड नावाच्या माणसाने १७९६ सालीच लिहून ठेवलंय की शेकायचं धुराडं उथळ असावं आणि बाजूच्या भिंती तिरक्या असाव्यात, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते. आमच्या बंगल्याच्या मिस्त्रीपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

मामांनी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून आत धरली. धूर दोन क्षण घुटमळला आणि सरळ आमच्या तोंडावर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर चोवीस अंश, आत एकवीस. मामा खोकत म्हणाले, "वहिनी, धुराला वर जायला कारण पायजे."

या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. धुराड्याची ओढ दोन गोष्टींवर असते: त्याची उंची, आणि आतल्या-बाहेरच्या हवेतला उष्णतेचा फरक. बर्फाळ मुलखात बाहेर शून्य आणि आत वीस, त्यामुळे धूर आपसूक पळतो. आमच्याकडे फरक पाच-सात अंशांचा, पावसाळ्यात तर जवळजवळ नाहीच. वर मामांनी दाखवलेलं ते बारीक घशाचं धुराडं बाहेरच्या भिंतीत, म्हणजे स्वतःच गारठलेलं. सिनेमातली ती मोठ्या तोंडाची आग आमच्या हवेत खोलीतच धूर सोडणार होती. आणि धूर गेला तरी उघड्या धुराड्यात लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता खोलीत राहते; बाकीची वर जाते, जाताना खोलीतली हवाही ओढून नेते, आणि तिच्या जागी दारांच्या फटींतून बाहेरची गार हवा येते. दिरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पण फील?" फीलचा कॉलम माझ्या वहीत नव्हता.

मग दुकानं पालथी घातली. पुण्यातल्या एका झगझगीत शोरूममध्ये काळ्या काचेची, दगडगोट्यांतून ज्वाळा येणारी बायोएथेनॉलची, म्हणजे अल्कोहोलवर जळणारी, फायरप्लेस दाखवली. धुराडं नको, धूर नाही, राख नाही. दिसायला खरोखर देखणी. माझा नवरा तिच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेत होता. मी मात्र कागदावर शाळेतलं रसायनशास्त्र मांडलं. अल्कोहोल जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं; हिशेब केला तर लिटरभर इंधनामागे साधारण नऊशे ग्रॅम पाणी, वाफेच्या रूपाने, धुराडं नसल्यामुळे खोलीतच. संध्याकाळी दोन लिटर जाळलं तर जवळपास दोन लिटर पाणी माझ्या भिंतींना. विक्रेत्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "मॅडम, नॅचरल मॉइश्चर आहे, स्किनला चांगलं." कोकणात कुणी ती घ्यावी की नाही ते मी सांगू शकत नाही, पण ज्या घरात चपलांना बुरशी येते तिथे ती आणणं म्हणजे पैसे देऊन पाऊस आत घेणं. शिवाय बंद खोलीतलाच प्राणवायू वापरणार. आईंच्या शेगडीवरून नुकतेच उठलो होतो. गॅस सिलिंडरवरचे बिनधुराड्याचे हीटर त्याच कारणासाठी दोन मिनिटांत बाद झाले.

विजेचा हीटर दोन किलोवॉटचा घेतला तर तासाला दोन युनिट, चार तासांना आठ. परवडतं. लेकीचा एसी त्याहून शहाणा, कारण तो वीज जाळून उष्णता करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. एका युनिटमागे तीनेक युनिटांची ऊब मिळते, आणि आमच्यासारख्या सौम्य हवेत तर तो सगळ्यात चांगला चालतो. पावसाळ्यात त्याचाच कोरडी हवा करण्यासाठी उपयोग. पोरगी बरोबर होती, हे मी कबूल केलं आणि आईंच्या झोपायच्या खोलीत एसी बसवला, सोबत स्टॅबिलायझर. फक्त एक अडचण. ज्या रात्री सोसाट्याचा वारा असतो त्याच रात्री सिल्व्हर ओकची फांदी तारेवर पडते. मागच्या जुलैत आमच्या गल्लीत सलग छत्तीस तास वीज नव्हती. त्या छत्तीस तासांसाठी, आणि दिवसभर आई जिथे बसतात त्या दिवाणखान्यासाठी, आग हवीच होती.

शेजारच्या एका हॉटेलवाल्याने मनालीहून पत्र्याची बुखारी, म्हणजे खोली तापवायची लाकडाची शेगडी, आणली होती. ती पाहायला गेलो. पहिल्या हिवाळ्यात झकास चालली म्हणे. नंतरच्या पावसाळ्यात बुडाला गंजाने हाताएवढं भोक पडलं. तिकडची थंडी कोरडी, पत्रा टिकतो. इकडे चार महिने ती न पेटवता दमट हवेत उभी. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

तेव्हा ठरलं: बिडाची, बंद दाराची, पुढे काच असलेली शेगडी, जुन्या धुराड्याच्या कोनाड्यातच बसवायची. अशा बंद शेगडीत हवा मोजून आत सोडता येते आणि साठ-सत्तर टक्के उष्णता खोलीत राहते. बिडाचा तवा आजीपासून नातीपर्यंत चालतो, तर शेगडीही चालेल, असा आईंचा कौल.

इथे मी स्वतः माती खाल्ली. एका विक्रेत्याने आमचा दिवाणखाना फोटोत पाहिला आणि म्हणाला, बारा किलोवॉटची घ्या. मी घासाघीस करून नऊवर आले आणि पंचवीस हजार आगाऊ भरले. "मोठी घ्या, मंद जाळा," हे त्याचं वाक्य मला पटलं होतं. गाडीसारखं, मोठं इंजिन हळू चालवायचं. आठवड्याने शांत बसून गणित केलं. खोली चौदा बाय सोळा फूट, उंची अकरा, सत्तर घनमीटर. युरोपात चौदा घनमीटरला एक किलोवॉट धरतात, म्हणजे तिकडच्या हिशेबानेसुद्धा पाच. आणि तो हिशेब बाहेर शून्याच्या आसपास असताना आत एकवीस करण्याचा. मला सहा-सात अंशांनी चढवायचं होतं. दोन किलोवॉट पुरले असते. कौलांच्या फटी धरून चार. नऊची घेतली तर अर्ध्या तासात खोलीची भट्टी होणार, मग हवा बंद करून लाकडं घुसमटत ठेवणार. घुसमटलेलं लाकूड पूर्ण जळत नाही. काच काळी होते, नळात डांबरासारखा चिकट थर बसतो, आणि एक दिवस तो थरच पेट घेतो. लहान शेगडी भडक जाळावी, मोठी मंद जाळू नये. पंचवीस हजार परत मागितले, बारा मिळाले. उरलेले तेरा मी वहीत "शिक्षण" या नावाखाली लिहिलेत.

शेवटी पावणेपाच किलोवॉटची मिळाली. वजन ब्याण्णव किलो. टेम्पोतून घाट चढून आली, चार माणसांनी उतरवली आणि उंबऱ्यापाशी एक शहाबादी फरशी मधोमध तडकली. ती तशीच आहे.

शेगडीपेक्षा तिच्या नळाला जास्त दिवस लागले, आणि पैसेही जवळपास तेवढेच. जुन्या धुराड्यातून सहा इंची स्टेनलेस स्टीलचा नळ खाली सोडला. आत बारीक आणि गुळगुळीत नळ, भोवती कोरडी जागा, त्यामुळे तो लवकर तापतो आणि धुराला हवं ते कारण मिळतं. वरचं टोक किती उंच न्यायचं याचा नियम असा की दहा फुटांच्या परिघात छपराचा जो सगळ्यात उंच भाग असेल त्याच्या दोन फूट वर. आमचं आढं जवळच, म्हणून धुराडं तीन फूट वाढवावं लागलं. टोकाला टोपी, टोपीला जाळी, आणि जाळी वानरांना उचकटता येणार नाही अशी बोल्ट मारून. जाळीची भोकं फार बारीक ठेवली तर काजळीने बुजतात, हे मामांनी स्वतःहून सांगितलं.

मामांचं सगळं लक्ष मात्र आगीकडे नव्हतंच. दोन दिवस ते छपरावर धुराडं जिथून कौलांतून बाहेर येतं तिथेच बसून होते. धुराड्याची मागची बाजू, जिथे वरून वाहत आलेलं पाणी अडतं, तिथे त्यांनी जस्ती पत्र्याचं छोटं दोन उताराचं छपरूच केलं, पाणी दोन्हीकडे फुटावं म्हणून. पत्र्याची कड दगडाच्या सांध्यात इंचभर खोचली, वर चुना-सिमेंट भरलं. मी खालून म्हटलं, "मामा, शेगडी कधी जोडायची?" वरून उत्तर आलं, "आग म्हैनाभर, वहिनी. पाणी चार म्हैने."

पुढच्या नोव्हेंबरात पहिल्यांदा पेटवली. आईंनी शेगडीला हळदीकुंकू वाहिलं, गुळाचा खडा ठेवला. पंधरा मिनिटांत घरभर जळक्या प्लास्टिकसारखा वास सुटला आणि आम्ही सगळे अंगणात. नव्या शेगडीचा रंग पक्का होईपर्यंत पहिल्या तीन-चार आगी अगदी लहान, खिडक्या उघड्या टाकून करायच्या असतात. सोबतच्या पुस्तिकेत होतं, वाचलं कुणी? आई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "हीच का ती बिनधुराची?"

लाकडाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे आम्ही एक हिवाळा वाया घालवला. पाचगणीभर सिल्व्हर ओक उभे आहेत. गाव वसवणाऱ्या जॉन चेसनने एकोणिसाव्या शतकात लावलेल्या झाडांची ही परंपरा. पण २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि आपल्याच अंगणातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ते योग्यच. तर लाकूड खालून, वाईकडच्या वखारीतून. बाभूळ घेतली, जड, सावकाश जळणारी, निखारा टिकवणारी. वखारवाल्याने "एकदम वाळलेलं" म्हणून ऑक्टोबरात दिलं. शेगडीत घातलं की टोकाकडून फेस यायचा, सुसू आवाज यायचा आणि काच दोन तासांत काळीकुट्ट. मी त्यातले पाच ओंडके खडूने खुणा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. क्रमांक तीनचा ओंडका ऑक्टोबरात ३ किलो १४० ग्रॅम होता. फेब्रुवारीत २ किलो ३३० ग्रॅम. म्हणजे आठशे ग्रॅम पाणी मी लाकडाच्या भावाने विकत घेतलं होतं, आणि शेगडीत ते आधी उकळावं लागत होतं, मग ऊब.

आता लाकूड फेब्रुवारीत घेतो. उन्हाळाभर वाळतं आणि पुढच्या पावसाळ्यापासून वापरायचं. मागच्या पडवीत विटांवर फळ्या टाकून, जमिनीपासून वीतभर वर, वरती पत्रा आणि बाजू मोकळ्या. ताडपत्रीने गुंडाळून ठेवलं तर आतल्या आत घाम येऊन बुरशी धरते, तोही प्रयोग करून झाला. वाळलेले दोन ओंडके एकमेकांवर आपटले की ठण्ण वाजतात, ओले ठप्प. आई आता नुसत्या आवाजावरून वखारवाल्याला परत पाठवतात.

जून आला आणि पहिल्याच मोठ्या पावसात शेगडीच्या माथ्यावर टप टप. नळाच्या बाहेरून पाण्याची बारीक धार उतरत होती आणि बिडावर नारिंगी कडं उमटलं होतं. मामांचा पत्रा चोख होता. गळत होतं टोपीखालच्या पट्टीतून, जिथे नळ बसवणाऱ्या माणसाने साधं सिलिकॉन फासलेलं. ते उष्णतेने तडकलं. तिथे नळाला घट्ट बसणारी पत्र्याची कॉलर हवी होती, छत्रीसारखी, म्हणजे पाणी सांध्यापर्यंत जातच नाही. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा मामांनी ती करून बसवली. बसवणारा माणूस अजून फोन उचलत नाही.

आणखी एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. नळातली काजळी पावसाळ्याआधी काढायची असते, दिवाळीत नव्हे. काजळीला ओल लागली की ती आंबट होते, धातू खाते, आणि घरभर विझलेल्या चुलीवर पाणी ओतल्यासारखा वास येतो. म्हणून आम्ही शिमग्यानंतर एकदा ब्रश घालतो, राख पूर्ण काढून बादलीत झाकून ठेवतो आणि रिकाम्या शेगडीचं दार किंचित उघडं ठेवतो, म्हणजे आत हवा फिरते.

मग जुलै. या वर्षी मी स्वतः पंधरा दिवस तिथे होते. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं. बाहेरची हवा गार नसल्यामुळे धूर सुरुवातीला वर जायला आढेवेढे घेतो; त्यावर उपाय म्हणजे लाकडाला हात लावण्याआधी एक सुरळी शेगडीच्या अगदी वरच्या भागात, नळाच्या तोंडाशी जाळायची. नळ तापला की फुर्र असा आवाज येतो. तो ऐकला की खालची आग लावायची. तीन ओंडके, दोन तास. यंत्रावर वीस अंशांचे सव्वीस झाले आणि दमटपणा ब्याण्णववरून सदुसष्टवर. हवेतलं पाणी काही नाहीसं होत नाही, पण गरम हवेत तेच पाणी मावतं, आणि ती हवा गोधडीतली ओल शोषायला लागते. आईंनी दोरी बांधून शेगडीपासून चांगलं चार हात लांब परकर, टॉवेल, पापडांची चाळणी, देवाच्या वाती, सगळं ओळीने मांडलं. दीर आले तेव्हा त्यांची आरामखुर्ची ठेवायला जागा नव्हती.

कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणाऱ्या दोन डब्या आम्ही घेतल्या, एक दिवाणखान्यात, एक आईंच्या खोलीत. बंद शेगडी असली तरी घेतल्या. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा जोरात लावला तर तो नळातला धूर उलटा ओढू शकतो, म्हणून शेगडी पेटती असताना तो लावायचा नाही, अशी चिठ्ठी बटणाशेजारी चिकटवलेली आहे.

आई शेगडी पेटवल्याचा हिशेब कॅलेंडरवर ठेवतात, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी. पेटवली त्या दिवशी तारखेभोवती गोल. परवा गेले तेव्हा मी बसून मोजले. जूनमध्ये आठ, जुलैत तेवीस, ऑगस्टमध्ये एकोणीस, सप्टेंबरमध्ये अकरा. गेल्या डिसेंबर-जानेवारीचे मिळून सतरा. ऑगस्टातल्या एका तारखेवर गोल नव्हता, फुली होती. विचारलं तर आधी ऐकू आलं नाहीसं केलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी ती डबी केकाटली. अंगणातली जुनी शेगडी जरा आत घेतली होती, वांगं भाजायला. पाऊस होता ना गं."